सागराचा नकाशा आणि डोल जाळे

शेतजमिनीला सातबारा असतो. कोणत्या गटात कोणाची वहिवाट आहे, हे गावदप्तरात पाहता येते. समुद्राला असा उतारा नाही. तरीही सातपाटीच्या वा वर्सोव्याच्या कोळ्यास आपल्या जाळ्याची जागा अचूक ठाऊक असते.

सागराच्या स्थितीचे नकाशे आज उपलब्ध आहेत. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहांच्या साहाय्याने पृष्ठभागाचे तापमान व पाण्यातील हरितद्रव्य यांचा अभ्यास करते. हरितद्रव्य ही सूक्ष्म वनस्पतींची खूण होय. जेथे ती विपुल असते आणि थंड व उष्ण पाणी एकमेकांस भिडते, तेथे बांगडा, तारली यांचे थवे मिळण्याचा संभव अधिक. त्यावरून मासळी उतरविण्याच्या केंद्रापासून दिशा, अंतर आणि खोली कळविली जाते. शोधात जाणारे डिझेल वाचते, हा लाभ लहान नव्हे. मात्र ढग दाटले की उपग्रहाची नजर अडते.

डोल जाळे माशांमागे धावत नाही. ते ठरावीक जागी खुंटांस बांधलेले असते. भरती-ओहोटीच्या ओढीने बोंबील, जवळा, करंदी त्यात शिरतात. या मच्छीमारास प्रवाहाचा जोर, उधाण-भांगाचा अंदाज आणि आपल्या जाळ्यावरून ट्रॉलर जाणार नाही याची शाश्वती हवी. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ चा एक हेतू हाच. परंतु अडचण अशी की, मोठ्या नौकेवरील यंत्र तिचा मार्ग दाखविते. खुंटास बांधलेले जाळे कोणताही संदेश पाठवीत नाही. नकाशावर ती जागा मोकळी दिसते.

वरळीचे उदाहरण बोलके आहे. सागरी किनारा मार्गाच्या पुलाच्या खांबांमधून नौकांना सुखरूप ये-जा करता येणार नाही, असे तेथील कोळी बांधवांनी निक्षून सांगितले. २०२२ च्या अखेरीस हे अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करण्याचे मान्य झाले. नौकांची वाट प्रारंभीच नकाशावर असती, तर हा खटाटोप कदाचित टळला असता.

वृद्ध कोळी डोंगर व देवळाच्या खुणा जुळवून जागा सांगतात. त्या खुणांना अक्षांश-रेखांशांची जोड देऊन हंगामवार नोंद ठेवणे ग्रामपंचायत, मच्छीमार सहकारी संस्था आणि भूगोलाचे शिक्षक यांना अशक्य नाही. जागा उघड झाली तर दुसराच तेथे येईल, ही धास्ती निराधार नाही. म्हणून मूळ नोंदवही संस्थेच्याच ताब्यात राहावी आणि प्रकल्पाचा आराखडा तयार होताना ती अधिकाऱ्यांपुढे ठेवली जावी.