पक्षाघाताचा भास

आदल्या रात्रीं लग्नघरचें जेवण. जिलबीचा आग्रह मोडवलेला नसतो. पहांटे घरचा तिशींतला तरुण जागा होतो, तों पाय उचलत नाहींत, कुशीवरहि वळवत नाहीं. घरांत एकच आकांत उडतो: अर्धांगवायु झाला! आजीबाई तेवढ्या धीराच्या. त्या उशाशीं बसून त्याला बोलतें करतात. वाणी स्वच्छ, तोंड सरळ. चिमटा काढला तर कळतो. गळाले आहेत ते दोन्ही पाय, एक बाजू नव्हे.

श्रोतेहो, पक्षाघाताचें असें सोंग घेणारा एक विकार आहे. रक्तांत पोटॅशियम कमी पडलें म्हणजे तो उद्भवतो. हंफ्री डेव्ही यानें १८०७ सालीं विजेच्या साहाय्यानें प्रथम वेगळें काढलेलें हें मूलद्रव्य शरीरांत सुमारें ९८ टक्के पेशींच्या आंत असतें. रक्तद्रवाच्या एका लिटरांत तें ३.५ ते ५ मिलिमोल एवढेंच सांपडतें. आंतबाहेरच्या ह्या तफावतीवरच स्नायूंचें चलनवलन अवलंबून आहे. कित्येकांत आनुवंशिक दोषामुळें, किंवा गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि फाजील काम करूं लागल्यामुळें, गोडाधोडाच्या जेवणानंतर रक्तांतील पोटॅशियम एकाएकीं पेशींत शिरतें आणि स्नायु लुळे पडतात.

इतरांच्या बाबतींत तें खरोखरच शरीराबाहेर जातें: जुलाबांनीं, वांत्यांनीं, लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांनीं. आणि ज्येष्ठमधानेंहि! त्यांतील एक द्रव्य मूत्रपिंडांकरवीं मीठ राखून पोटॅशियम दवडतें. घसा बसला म्हणून दोन दिवस कांडी चघळणें निराळें, महिनोन्महिने काढे घेणें निराळें.

मात्र आजीबाईंची परीक्षा कितीहि चांगली असली, तरी निकाल घरीं लावूं नये. क्वचित् हा विकारहि एकाच बाजूस दिसतो; आणि खरा पक्षाघात असला, तर रक्ताची गुठळी विरघळविणारें औषध सामान्यतः ४.५ तासांच्या आंतच देतां येतें. शहाळें पाजून वाट पाहणें तर अगदींच वाईट. वेळ जातो, गिळतां न आल्यास पाणी श्वासनलिकेंत उतरतें, आणि मूत्रपिंड अधू असल्यास वाढलेलें पोटॅशियम हृदय बंद पाडूं शकतें. घरांत चालू असलेल्या गोळ्या व काढे मात्र डॉक्टरांस आठवणीनें दाखवावे.

रुग्णालयांत त्या तरुणाचें रक्त तपासतात, हृदयाचा आलेख काढतात, आणि पोटॅशियम जपून, थोडें थोडें देतात. कारण पेशींत शिरलेला सांठा परत येणारच असतो. सायंकाळीं तो भिंतीला धरून उभा राहतो. दोष थायरॉइडचा निघतो. उपचार पुरा होईपर्यंत जिलबी बंद.