पस्तीस शब्दांचा आरोपी



दक्षिण फ्रान्समधल्या दिन्य नावाच्या लहानशा शहरातलं कोर्ट. नोव्हेंबर १९५४. पिंजऱ्यात ७७ वर्षांचा एक शेतकरी उभा आहे, गास्ताँ दोमिनिची. सारा जन्म शेळ्यांच्या मागे आणि मातीत गेलेला. न्यायाधीश विचारतात, त्या रात्री तुम्ही पुलाकडे गेला होतात का? फ्रेंचमध्ये ‘गेला’ हे क्रियापद आणि दुतर्फा झाडी असलेल्या वाटेला असलेला शब्द, दोन्ही कानाला अगदी सारखे लागतात. म्हातारा उत्तर देतो की तिथं तसली वाट नाही, मला ठाऊक आहे, मी तिथं जाऊन आलोय. जिथं डोकं धडावेगळं करायची शिक्षा होऊ शकते, तिथं हा संवाद झाला. आजच्या व्याख्यानाचा विषय मला या एका प्रश्नानं दिला.

आता त्या रात्रीकडे जाऊ. ४ ऑगस्ट १९५२. सर जॅक ड्रमंड, वय ६१, पत्नी अॅन आणि दहा वर्षांची एलिझाबेथ असं इंग्रज कुटुंब ल्युर्स गावाजवळ, द्युरान्स नदीच्या काठानं जाणाऱ्या हमरस्त्याशेजारी मुक्कामाला थांबलं. ड्रमंड साधे प्रवासी नव्हते. युद्धकाळात ब्रिटिश जनतेच्या शिधापत्रिकेवर काय असावं हे ठरवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते हे आहारशास्त्रज्ञ. आपण रोज ‘व्हिटॅमिन’ म्हणतो, त्या शब्दाचं आजचं इंग्रजी स्पेलिंगही १९२० मध्ये त्यांनीच सुचवलं.

पहाटे तिघेही मेलेले सापडले. आईवडील गोळ्यांनी, मुलगी बंदुकीच्या दस्त्याच्या घावांनी. आईवडील मोटारीच्या आसपास, आणि ती त्यांच्यापासून दूर, रेल्वेपुलाच्या पलीकडे नदीच्या उतारावर. जवळच दोमिनिचींचं शेत, ग्रांतेर. गास्ताँचा मुलगा गुस्ताव यानंच रस्त्यावरचा एक मोटारसायकलस्वार थांबवून पोलिसांना निरोप धाडला. मोडकी अमेरिकन कार्बाइन त्याच दिवशी नदीत सापडली.

तपास मार्सेचे कमिशनर एदमाँ सेबेई यांच्याकडे आला आणि पंधरा महिने रेंगाळला. मध्ये गुस्तावला दोन महिन्यांची शिक्षा झाली, कारण त्यानं पाहिलं तेव्हा मुलीच्या अंगात अजून धुगधुगी होती आणि त्यानं मदत केली नव्हती. हे ऐकताना आजही माझा घसा कोरडा पडतो. मग नोव्हेंबर १९५३ मध्ये गुस्ताव आणि थोरला भाऊ क्लोविस या दोघांनी बापाकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्यानं कबुली दिली, मग ती फिरवली. घटनास्थळी नेल्यावर त्यानं रेल्वेपुलावरून उडी मारायचा प्रयत्न केला. गुस्ताव शब्द फिरवत राहिला, क्लोविस ठाम राहिला. एका छपराखालचं घर दोन तुकड्यांत फुटलं.

खटला ऐकायला शेजारच्या मानोस्क गावचे लेखक जाँ जिओनो रोज बसत. त्यांनी एक गोष्ट मोजली. सगळ्या सुनावणीत आरोपीनं वापरलेले शब्द तीस-पस्तीसच्या पुढे जात नाहीत. सरकारी वकिलांकडे आणि न्यायाधीशांकडे हजारो. गास्ताँची घरची बोली प्रोव्हांसाल. कोर्टाची फ्रेंच त्याला पाहुण्यांसमोर घालायच्या कपड्यांसारखी होती. पुढे समीक्षक रोलाँ बार्त यांनी याच खटल्यावर लिहिताना म्हटलं की सुशिक्षितांनी कादंबऱ्यांतून उचललेलं मानसशास्त्र या शेतकऱ्याच्या अंगावर चढवलं आणि मग त्याच मापानं त्याला दोषी ठरवलं.

मी तीस वर्षं फौजदारी वकिली केली आहे, म्हणून हे मला पुस्तकातलं वाटत नाही. आपल्याकडे साक्षीदार बोलतो एक आणि कागदावर उतरतं दुसरं. एका धनगर म्हातारीची साक्ष मी कधी विसरणार नाही. ती म्हणाली होती, ‘‘अंधार व्हता, तोंड दिसलं न्हाई, खोकल्यावरनं वळखला.’’ जबाबात आलं, ‘सदर आरोपीस मी ओळखले.’ खोकला गेला, अंधारही गेला. उलटतपासणीत तो खोकला परत आणायला मला अख्खी दुपार लागली. कुणी खोटं लिहिलं नव्हतं. लिहिणाऱ्याला वाक्य नीट करायचं होतं, एवढंच.

गास्ताँचा कबुलीजबाबही असाच सरकारी भाषेत नीट झालेला होता. पण त्या जबाबाला वस्तुस्थितीचा आधार किती? त्यानुसार एलिझाबेथ अनवाणी पळाली, पूल ओलांडला, दगडगोट्यांवरून उतरली. तिचं प्रेत तपासणाऱ्या डॉक्टरांनी मात्र साक्ष दिली की तळव्यांवर माती-ओरखडे नव्हते. पळालेल्या मुलीचे पाय असे राहतील का? की तिला कुणी उचलून नेलं? बचाव पक्षानं हा मुद्दा लावून धरला, तरीही निकालाची गाडी पुढे गेली. माझं मत मी लपवत नाही: म्हातारा निर्दोष होता असं मी म्हणत नाही, पण इतक्या फाटक्या पुराव्यावर माणसाला गिलोटिनची शिक्षा सुनवायला नको होती.

२८ नोव्हेंबर १९५४ ला देहदंड सुनावला गेला. लगेच दुसरा तपास सुरू झाला, तोही कुणाकडे ठाम बोट न दाखवता संपला. १९५७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रने कोती यांनी शिक्षा जन्मठेपेत बदलली आणि १९६० मध्ये द गॉल यांनी त्याला सोडून दिलं. मुक्तता म्हणजे निर्दोष ठरणं नव्हे. तो शिक्का त्याच्यावर राहिलाच. १९६५ मध्ये ८८ वर्षांचा होऊन तो गेला. जाँ गाबँ या नटानं त्याची भूमिका केलेला चित्रपट १९७३ मध्ये निघाला आणि सारं फ्रान्स पुन्हा दोन बाजूंना बसलं. कुणी कम्युनिस्टांचं नाव घेतलं, कुणी ड्रमंड हेर होते म्हटलं. या तर्कांना मी वेळ देत नाही, कारण त्यात ते शेत आणि ती मुलगी दोन्ही नाहीशी होतात.

फोरकाल्किए गावाच्या दफनभूमीत ड्रमंड कुटुंबाच्या कबरी आहेत. आईवडिलांच्या बाजूला एलिझाबेथची. पस्तीस शब्द म्हाताऱ्याकडे होते म्हणून आपण त्याच्याविषयी बोललो. तिचा एकही शब्द कुठल्या कागदावर नाही. तिच्या बाजूनं बोलले ते फक्त तिचे तळवे.