कर्जावर नाव, तसं घरावरही

नवरा-बायको मिळून गृहकर्ज मागतात तेव्हा बँक दोघांचाही क्रेडिट रिपोर्ट बघते. सिबिल स्कोअर ३०० ते ९०० असतो. एकाचा जरी कमी असला, तरी अर्ज अडकू शकतो किंवा व्याजदर वाढतो.

म्हणून घर बघण्याआधी एकमेकांचे रिपोर्ट बघा. देशात अशा चार कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. मोबाइलचा थकलेला हप्ता, मेव्हण्याच्या रिक्षासाठी राहिलेला जामीन, सगळं त्यात दिसतं. थकबाकी पूर्ण भरा. कमी पैशांत ‘सेटल’ केलंत तर तोच शेरा पुढच्या बँकेला खटकतो. नोंद चुकीची असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निपटारा झाला नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

आता मुख्य मुद्दा. नवऱ्याचा स्कोअर खराब असला की बायकोला सहकर्जदार करतात. हप्ता तिच्या पगारातून जातो, घर मात्र एकट्या नवऱ्याच्या नावावर. बहिणींनो, सहकर्जदार होणं म्हणजे मालक होणं नव्हे. तलाक झाला तरी बँक तुमच्याकडे वसुली मागू शकते. नवरा वारला आणि मुलं असली, तर शरियतप्रमाणे विधवेचा वाटा आठवा. कर्जाची जबाबदारी मात्र पूर्ण. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी खरेदीच्या करारनाम्यात आपलं नाव आहे का, ते वाचा. भावांनो, ते नाव तुम्हीच आधी घाला.