सेलिब्रिटी मागच्या दाराने गेला, मग आपला वेळ कोणी खाल्ला?

आजचा भाग रांगेबद्दल आहे. तुम्ही हे ऐकताना कदाचित एखाद्या रांगेतच उभे असाल, एसटीच्या नाहीतर बँकेच्या. असाल तर उत्तमच, वेळ बरा जाईल.

सुरुवात एका ट्रिपपासून करतो. भडगावहून आम्ही घरचे अकरा जण क्रूझर ठरवून शेजारच्या राज्यातल्या एका मोठ्या अम्युझमेंट पार्कला गेलो होतो. पार्कचं नाव घेत नाही, कारण मुद्दा त्या एका पार्कचा नाहीये. रात्री अकराला निघालो, डब्यात भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. सोबत माझी मामेबहीण होती, आठवीतली. तिला बाकी कशात रस नव्हता. एकच रोलर कोस्टर. त्याचे व्हिडिओ तिने मोबाइलवर इतक्या वेळा बघितले होते की कुठलं वळण कधी येतं ते तिला पाठ होतं.

गर्दीमुळे तो नंबर संध्याकाळवर गेला. रांगेत तासभर उभे राहिलो. आमच्या पुढे फक्त दोन फेऱ्या उरल्या आणि तेवढ्यात कर्मचाऱ्यांनी दोरी आडवी लावली. बाजूच्या दाराने टीव्हीवर रोज दिसणारा एक चेहरा आला, सोबत दहा-बारा जण. ते बसले, फिरून आले. व्हिडिओ नीट आला नाही म्हणून परत बसले. मग प्लॅटफॉर्मवर फोटो. कर्मचारीसुद्धा फोटोत. राइड जवळजवळ पंचवीस मिनिटं बंद. ते गेले आणि लगेच पार्क बंद होत असल्याची घोषणा झाली.

बहिणीने मला एवढंच विचारलं, "दादा, त्यांनी नंबर कधी लावला होता?"

मामा म्हणाले, "जाऊ दे, मोठे लोक आहेत." ती काही बोलली नाही. परतीच्या रस्त्याला गाडीत सगळे झोपले आणि मी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हिशोब करत बसलो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. सर्व्हरवर हजारो रिक्वेस्ट येतात, त्यातली कुठली आधी घ्यायची, कुठली थांबवायची, हे बघणं माझं रोजचं काम. रांग हा आमचा धंदाच आहे म्हणा ना.

तर हिशोब तुम्हीही करा. समजा एका राइडमध्ये २४ सीट आहेत आणि दर ३ मिनिटांनी एक फेरी सुटते. म्हणजे तासाला २० फेऱ्या, ४८० माणसं. तुमच्या पुढे ४८० जण आहेत, तर तुम्हाला एक तास लागणार. आता एक सेलिब्रिटी १२ जणांना घेऊन मध्ये घुसला. १२ जण म्हणजे अर्धी फेरी. तुमचं नुकसान किती? दीड मिनिट.

फक्त दीड मिनिट! मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. मला तर वाटत होतं की त्याने माझा अख्खा दिवस खाल्ला.

आता दुसरी गोष्ट बघा. त्याच राइडला पार्कने एक्स्प्रेस तिकीट विकलं. जास्त पैसे भरा, वेगळ्या रांगेतून या. समजा प्रत्येक तीन सीटपैकी एक सीट एक्स्प्रेसवाल्यांना गेली. साध्या रांगेला तासाला ३२० सीट उरल्या. तुमच्या पुढे तेच ४८० जण. आता लागणार दीड तास. म्हणजे तीस मिनिटं जास्त. निम्म्या सीट विकल्या तर पूर्ण दोन तास.

कोणी म्हणेल, अरे, ती एक्स्प्रेसवाली माणसं नाहीतर साध्या रांगेतच असती ना? बरोबर. पण त्यातली जी तुमच्यानंतर आली, ती तुमच्या मागे असती. आता ती पुढे आहेत. आणि थांबावं लागत नाही म्हटल्यावर तीच माणसं एका राइडला तीनदा येतात.

म्हणजे गंमत बघा. दीड मिनिट खाणाऱ्याचा आपण व्हिडिओ काढतो, त्याला शिव्या घालतो. तीस मिनिटं खाणारी गोष्ट मात्र काउंटरवरच्या रेटकार्डावर छापलेली असते आणि ती आपल्याला दिसतच नाही.

हे काही आपल्याकडचंच नाही. अमेरिकेत डिस्नीने १९९९ मध्ये फास्टपास आणला. तो फुकट होता, पार्कात आलेल्या प्रत्येकाला मिळायचा. टोकन घ्या, दिलेल्या वेळी परत या. २०२१ मध्ये तो बंद झाला आणि त्याच्या जागी पैसे भरून घ्यायची सोय आली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडाच्या पार्कसाठी प्रीमियर पास जाहीर झाला. गर्दी बघून दर ठरणार, माणशी १२९ ते ४४९ डॉलर, आणि पार्कचं तिकीट वेगळं. त्याच्याही वर खासगी व्हीआयपी टूर आहे. तासाला शेकडो डॉलर, कमीत कमी सात तास, सोबत पार्कचा गाइड. पूर्वी जी वागणूक फक्त स्टारला मिळायची, तिला आता दर लागलाय. आपल्याकडे खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं, तिथेही एक्स्प्रेस तिकीट मिळतं. पार्क महाग असतात, खर्च काढावा लागतो, हे मला मान्य आहे. पण विकली जाणारी सीट हवेतून येत नाही. ती साध्या रांगेतूनच काढलेली असते.

आणि एकदा रांग तोडणं हा मान झाला की लोक काहीही करतात. २०१३ मध्ये बातम्या आल्या की काही श्रीमंत कुटुंबं चक्क दिव्यांग व्यक्तीला भाड्याने गाइड म्हणून सोबत नेतात, म्हणजे डिस्नीत दिव्यांगांच्या सवलतीतून आत जाता येतं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्नीने नियम बदलले. फटका कोणाला बसला? ज्यांना खरंच थांबणं जमत नाही त्यांना. पुढच्या वर्षी ऑटिझम असलेल्या मुलांची कुटुंबं कोर्टात गेली.

आता सेलिब्रिटीची बाजूही ऐकू. त्याने सरळ आपल्यासोबत रांगेत उभं राहावं, असं आपण पटकन म्हणतो. १९९३ मध्ये राजकन्या डायना विल्यम आणि हॅरीला घेऊन इंग्लंडच्या थॉर्प पार्कला गेली, इतरांसारखी रांगेत उभी राहिली, ते तेव्हा खूप गाजलं. पण तेव्हा प्रत्येकाच्या हातात कॅमेरा नव्हता. २०१७ च्या जानेवारीत शाहरुख खान 'रईस'च्या प्रमोशनसाठी रेल्वेने दिल्लीला निघाला होता. वडोदरा स्टेशनवर गर्दी उसळली, त्यात एका माणसाचा जीव गेला. ४ डिसेंबर २०२४ ला हैदराबादच्या संध्या थिएटरमध्ये 'पुष्पा २'च्या शोला अल्लू अर्जुन आला, तिथे चेंगराचेंगरीत एका महिलेचा मृत्यू झाला. आता विचार करा, असा माणूस दोनशे पोरं असलेल्या, दोन्ही बाजूंनी रेलिंग असलेल्या अरुंद रांगेत तासभर उभा राहिला तर? त्याला मागच्या दाराने नेणं ही बऱ्याच वेळा आपलीच सुरक्षा असते. त्या दाराला माझा विरोध नाही.

मग माझी बहीण राहिली कशामुळे? बारा सीटमुळे नाही. राइड पंचवीस मिनिटं थांबली म्हणून. आमच्या हिशोबात पंचवीस मिनिटं म्हणजे आठ फेऱ्या, जवळजवळ दोनशे माणसं. सॉफ्टवेअरमध्येही असंच असतं. एखादं काम मध्ये घुसलं तर फारसा फरक पडत नाही. पण एका कामासाठी सगळी सिस्टिम थांबवली की तुमचं ॲप अडकतं आणि तुम्ही स्क्रीनवर बोट आपटत बसता.

आपल्या जत्रेतला आकाशपाळणेवाला आठवा. सरपंचाचा नातू आला की त्याला फुकट बसवतो. सगळ्यांना माहीत असतं, कोणी भांडत नाही. कारण पोरगं बसलं की पाळणा लगेच सुरू होतो. त्याच्या फोटोसाठी तो पाळणा थांबवत नाही. थांबवला असता तर लोकांनी त्याला सोडलं नसतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. सेलिब्रिटीला मागच्या दाराने आणा, पण राइड थांबवू नका. फोटो बाहेर काढा. एक्स्प्रेस तिकीट विकायचं तर विका, पण किती सीट त्याला जातात ते गेटवरच्या बोर्डावर लिहा, म्हणजे साधं तिकीट घेणाऱ्याला कळेल आपण काय विकत घेतोय. आणि बंद होण्याच्या वेळी जो रांगेत आहे त्याची फेरी झाल्याशिवाय राइड बंद करू नका. आपल्या मतदान केंद्रावर हेच होतं ना? वेळ संपली तरी रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं.

शेवटची गोष्ट आपल्या पंढरपूरची. आषाढी एकादशीला पहाटे मुख्यमंत्री विठ्ठलाची शासकीय महापूजा करतात. याहून मोठा व्हीआयपी मान आपल्याकडे कुठला? पण त्या पूजेला त्यांच्यासोबत एक वारकरी जोडपं असतं, दर्शनरांगेत जे सगळ्यात पुढे असेल ते. मानाचे वारकरी. त्यांना एसटीचा वर्षभराचा मोफत पासही मिळतो. म्हणजे मोठा माणूस रांग सोडून आत जातो, पण जाताना रांगेतल्या पहिल्याला सोबत घेऊन जातो.

त्या संध्याकाळी त्या फेरीत २४ सीट होत्या आणि सेलिब्रिटीची माणसं होती बारा. बाकीच्या बारा सीट दोन्ही वेळा रिकाम्या फिरून आल्या. रांगेतल्या पुढच्या बारा पोरांना त्यात बसवलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं? पोरांना आयुष्यभर सांगायला गोष्ट मिळाली असती, सेलिब्रिटीचा व्हिडिओही भारी झाला असता. आणि दोन फेऱ्यांत चोवीस पोरं म्हटल्यावर माझ्या बहिणीचाही नंबर लागला असता.

ती आता दहावीला आहे. परीक्षा झाली की परत जायचं ठरलंय. या वेळी तो रोलर कोस्टर सकाळी पहिला. तुमचाही असा रांगेचा किस्सा असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. चला, नंबर आला असेल तुमचा. भेटू.