बिनतारी स्पीकरची बॅटरी

अंबड तालुका निजामाच्या राज्यांत होता, त्या काळीं मराठवाड्यांतील बहुतेक खेड्यांपर्यंत विजेच्या तारा पोंचल्या नव्हत्या. अशा गांवीं एखाद्या हौशी गृहस्थानें रेडिओ घेतलाच, तर त्याच्या शेजारीं बॅटरीची जड पेटीहि ठेवावी लागे. तिचा एक भाग ९० व्होल्टांचा, दुसरा दीड व्होल्टाचा. ती संपली कीं जोडणी सोडवून नवी पेटी लावावयाची, एवढेंच काम असे. आवाज बंद पडला म्हणून रेडिओच टाकून द्यावा, असें कोणाच्या मनांतहि येत नसे.

अंबड १ मे १९८१ पासून जालना जिल्ह्यांत आहे, आणि रेडिओची जागा आतां तळहातावर मावणाऱ्या बिनतारी स्पीकरनें घेतली आहे. मत्स्योदरी देवीच्या नवरात्रांत आरतीला तो हवा, आजीबाईंना पहांटे अभंग ऐकण्यास तो हवा. दोनतीन वर्षें लोटलीं कीं मात्र हाच स्पीकर रात्रभर चार्ज करूनहि दहा मिनिटांत मान टाकतो, आणि घरांतील मंडळी त्याला अडगळींत ढकलतात. वास्तविक त्याचा पडदा शाबूत असतो, आंतील मंडलहि शाबूत असतें. थकलेला असतो तो केवळ बॅटरीचा घट.

हा घट लिथियम-आयन जातीचा. तो बाजारांत प्रथम आला १९९१ सालीं, आणि त्याच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. भरतांना व रिकामा होतांना लिथियमचे कण एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे येरझारा घालतात. पण प्रत्येक खेपेस त्यांतील थोडे ध्रुवावरील पुटांत कायमचे अडकतात. तीनचारशें वेळां भरल्यावर शक्ति उणावलेली जाणवते. उष्णतेनें ही झीज वाढते. मराठवाड्याच्या वैशाखांत पूर्ण भरलेला स्पीकर खिडकींत किंवा मोटारींत ठेवणें म्हणजे त्याचें आयुष्य हातानें तोडणें होय.

घट बदलणें अवघड नाहीं, परंतु तेथें निष्काळजीपणा चालत नाहीं. स्क्रू पुष्कळदां तळच्या रबरी पायांखालीं दडलेले असतात. घट चिकटविलेला असल्यास तो लोखंडी हत्यारानें उचकटूं नये. दोन्ही तारा एकाच कात्रीच्या घावानें कापूं नयेत. पातें दोहोंना टेकतांच प्रवाह आपसांत भिडतो व ठिणगी उडते. एक तार कापावी, तिला चिकटपट्टी गुंडाळावी, मगच दुसरीस हात लावावा. नवा घट तितक्याच व्होल्टांचा हवा. एकेरी घटावर ३.७, तर दोन घट ओळीनें जोडलेले असल्यास ७.४ लिहिलेलें असतें. जुन्या घटास संरक्षक पट्टी किंवा तिसरी तार असेल तर नव्यासहि ती हवीच. घटाच्या अंगावर थेट डाख देऊं नये. आधींच पत्र्या जोडलेला घट घ्यावा आणि डाख त्या पत्र्यांना द्यावा.

बाजारांतील लबाडीहि ओळखली पाहिजे. १८६५० नांवाचा घट १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब असतो. त्यांत साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या फारसें पलीकडे कांहीं मावत नाहीं; तरी ९९०० छापलेले घट राजरोस विकले जातात! खरा घट सुमारें ४५ ग्रॅम भरतो. हातांत फारच हलका लागला, तर तो दुकानदारास परत करावा.

फुगलेल्या घटाची गोष्ट मात्र वेगळी. त्याच्या आंत वायु साठलेला असतो. दाबल्यास किंवा टोंचल्यास तो पेट घेऊं शकतो. असा स्पीकर चार्जिंगला लावूं नये, आणि घरीं उघडण्याच्या भरीस न पडतां जाणत्या कारागिराकडे न्यावा.

मूळ दोष घट चिकटवून बंद करणाऱ्या कारखानदारांचा आहे. युरोपीय संघानें २०२३ च्या नियमांत, अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्यास स्वतः काढतां आली पाहिजे असें ठरवून १८ फेब्रुवारी २०२७ ही मुदत घातली. भारतांत २४ डिसेंबर २०२२ रोजीं दुरुस्तीच्या हक्कासाठीं सरकारनें संकेतस्थळ उघडलें. बॅटरीच्या कचऱ्याचे नियमहि त्याच वर्षीं आले, आणि त्यांनीं जुने घट गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. म्हणून काढलेला घट उकिरड्यावर फेंकूं नये. त्याच्या दोन्ही टोंकांस चिकटपट्टी लावून तो कोरड्या वाळूच्या डब्यांत ठेवावा, आणि पुढें जालन्यास किंवा संभाजीनगरास जाणें होईल तेव्हां ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यावा.