पहिला कुकर, पहिली फोडणी

जून उजाडला की पुण्याच्या सदाशिव पेठेत, नारायण पेठेत खोली शोधणारी मुलं-मुली दिसू लागतात. कोणी लातूरकडची, कोणी बुलढाण्याची. कोणाला स्पर्धा परीक्षा द्यायची, कोणाची पहिली नोकरी. सुरुवातीला मेस चालते. मग त्या पातळ वरणाचा वीट येतो आणि तिघं-चौघं मिळून ठरवतात, आता खोलीवरच करू. आजचं बोलणं त्यांच्याशी.

भांडी घ्यायला तुळशीबागेत शिरलं की सगळंच हवंसं वाटतं. माझं सांगणं एवढंच, की यादी भांड्यांची करू नका, पदार्थांची करा. पहिल्या महिन्यात वरण-भात, खिचडी, पिठलं आणि मटकीची उसळ, बस्स. त्याला लागतं तरी काय? कुकर, कढई, एक पातेलं, पकड, उलथणं, डाव, सुरी. ताट-वाट्या प्रत्येकाने घरून आणाव्यात. कुकर मात्र ५ लिटरचा घ्या. ३ लिटरचा स्वस्त पडतो, पण मोठ्यात खालच्या डब्यात डाळ आणि वरच्या डब्यात तांदूळ एकदमच लागतात. गॅसचा हिशेब इथे येतो. ५ किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. पण किलोमागे तो घरगुती सिलिंडरपेक्षा महाग असतो. म्हणून तूरडाळ अर्धा तास भिजवून मगच कुकर चढवायचा.

वाण्याकडून मोहरी, जिरं, हळद सुटी, शंभर-शंभर ग्रॅम आणा. हिंगाची सगळ्यात लहान डबी पुरते. गोडा मसाला किंवा कांदा-लसूण मसाला घरून आला तर उत्तमच. बाकी रंगीबेरंगी मसाल्यांची पाकिटं दुकानातच राहू द्या. दोनदा वापरून ती फळीवर वास गमावत बसतात.

आता पिठलं. आईला फोन केला तर ती ‘अंदाजाने घाल’ म्हणणार. कमलाबाई ओगले यांनी १९७० साली आलेल्या ‘रुचिरा’त वाटी-चमच्याची मापं दिली, ती अशाच नवशिक्यांच्या फार कामाची. तेव्हा वाटीनेच बोलू. एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी. त्यातल्या एक वाटी थंड पाण्यात बेसन आधीच कालवून ठेवा, म्हणजे गुठळ्यांची भीती नाही. कढईत तेल चांगलं तापू द्या. मोहरी टाका आणि ती तडतडेपर्यंत दुसरं काही टाकू नका. गार तेलातली मोहरी दाताखाली कडू लागते. मग जिरं, ठेचलेला लसूण, मिरच्या, कांदा. कांदा मऊ झाला की आच कमी करून हिंग आणि हळद. हळद लगेच करपते, म्हणून ती शेवटी. पाठोपाठ उरलेलं पाणी आणि मीठ. पाण्याला उकळी फुटली की कालवलेलं बेसन एका हाताने ओतायचं, दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. झाकण ठेवून मंद आचेवर वाफ येऊ द्या. बेसनाचा कच्चा वास गेला की पिठलं झालं. ही फोडणी हाताला बसली की वरण आणि उसळ अर्धी आलीच म्हणून समजा.

भाजी आणायला जमलं तर रात्री मंडई आवरायच्या वेळेला जा. विक्रेते तेव्हा उरल्यासुरल्याचे वाटे स्वस्तात देतात. मेथीची जुडी एकट्याला जास्त होते; अर्धीची भाजी करा, उरलेली दुसऱ्या दिवशी वरणात चिरून टाका. मटकी सकाळी भिजत घाला, रात्री फडक्यात बांधून ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोड येतात; थंडीत जरा जास्त वेळ द्यावा लागतो.

आणि पोळ्या? त्या सध्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून मोजून आणा, त्यात कमीपणा काही नाही. दिवसभर अभ्यास करून आलेल्या माणसाने रात्री नऊला कणीक मळावी, असा माझा तरी आग्रह नाही. एखादा रविवार मोकळा मिळाला की पोळपाट-लाटणं घ्यायला पुन्हा तुळशीबाग आहेच.