पुन्हां बाटली धरलेल्या शिपायाची घरधनीण
(खेड्यांतील स्त्रीपुरुषांच्या सभेंत झालेलें भाषण)



सातारा जिल्ह्यांतील अपशिंगें गांवचे ४६ जवान पहिल्या महायुद्धांत पडले, म्हणून लोक त्यास मिलिटरी अपशिंगें म्हणतात. अशा गांवांचा अभिमान आपण पुष्कळ मिरवितों. पण शिपाई पेन्शनीवर घरीं आला आणि बाटलीच्या नादीं लागला, म्हणजे त्याच्या बायकोच्या वांट्यास काय येतें, हें कोणी उघड बोलत नाहीं.

नवऱ्यानें वर्षभर दारू सोडली आणि पुन्हां धरली, कीं पहिला बोल बायकोवर. सासू म्हणते, हिच्या कटकटीनें प्याला. भावकी म्हणते, हिला नवरा सांभाळतां आला नाहीं. हें साफ खोटें आहे! व्यसन हा उलटणारा रोग आहे. हिंवताप उलटला तर आपण बायकोस दोष देतों काय? आणि तें कोरडें वर्षहि वायां गेलें नाहीं. एकदां सुटली ती पुन्हां सुटूं शकते.

त्याच्याशीं बोलावयाचें तें सकाळीं, शुद्धीवर असतां. रात्रीं वाद घालून कांहीं हातीं लागत नाहीं. त्याची उधारी बायकोनें फेडूं नये, त्याच्यासाठीं चारचौघांत खोटें बोलूं नये. हात उगारला तर मुलें घेऊन बाहेर पडावें. मार खाणें हा कसला धर्म? २००५ चा कायदा तिच्या बाजूचा आहे.

आतां दोन जिवावरच्या गोष्टी. रोज पुष्कळ पिणाऱ्यास खोलींत कोंडून दारू एकाएकीं तोडूं नका. दोनतीन दिवसांत हात कांपतात, आंकडी येते, भ्रम होतो, प्राणहि जातो. त्यास दवाखान्यांतच न्यावें. दुसरी गोष्ट, 'रोग्याच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिरातींची. डायसल्फिराम नांवाच्या गोळीचा दारूवरील उपयोग १९४८ सालीं डेन्मार्कमध्यें पुढें आला. ती पोटांत असतां दारू प्याली तर ओकाऱ्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. ती रोग्यास सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखालींच द्यावयाची. भाजींत कालवून नव्हे. अंगारे देणाऱ्या देवऋष्याबद्दल तर बोलावयासच नको.

पुण्यांत १९८६ पासून मुक्तांगण हें व्यसनमुक्तीचें केंद्र आहे. पिणाऱ्यांच्या घरच्या माणसांसाठीं अल्-अनॉनच्या बैठका असतात. नवरा येवो न येवो, बायकोनें जावें. १४४४६ ह्या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

बंधूंनो, आतां तुमच्याकडे वळतों. माजी सैनिकास कॅंटीनमधून दारू स्वस्तांत मिळते. लग्न असो, जत्रा असो, 'मिलिटरीची बाटली आण' म्हणून त्याच्या दारांत कोण उभें राहतें? आपणच. जो सोडूं पाहतो त्याच्याच हातानें आपण बाटली आणवितों, आणि तो घसरला कीं त्याच्या बायकोस हंसतों. जोतीराव फुल्यांनीं १८८० सालीं, पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद असतां, दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. त्यांचें नांव घेणाऱ्यांनीं निदान दुसऱ्याच्या कोट्यावर डोळा ठेवूं नये. शिपायानेंहि कोटा उचलूंच नये, पाहुण्यांसाठींसुद्धां नाहीं.

ज्या बायांस केंद्राचा पत्ता हवा असेल त्यांनीं सभा उठल्यावर मागें थांबावें. नांवगांव कोणी विचारणार नाहीं.